नवल कसलं करताय?

परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक ढकलपत्र आलं. विषय : पुरुषांचा वेष घेऊन लढाईवर गेलेल्या बायका. सुरुवातच अशी की 'वाचाल तर थक्क व्हाल!' मग चार-पाच परदेशी नावं, प्रत्येकीबद्दल दोन ओळी, आणि बहुतेक सगळ्या म्हणे प्रियकराच्या नाहीतर नवऱ्याच्या विरहाने व्याकूळ होऊन त्याच्या मागोमाग रणांगणावर गेल्या. शेवटी नारीशक्तीला सलाम.

अर्ध्या तासात वीस-बावीस जणांनी हात जोडले, फुलं वाहिली. आमचे एक दादा म्हणाले, "प्रेमासाठी माणूस काय काय करतो, नाही?" एक वहिनी म्हणाल्या, "नवलच बाई!"

मी मोठं उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं. ग्रुपवर वाद घातला की लग्नकार्यात तोंडं फुगतात, हा अनुभव आहे. पण ते 'नवलच बाई' डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहितेय. ग्रुपवरची निम्मी मंडळी इथेही डोकावतात, तेव्हा निरोप पोचेलच.

माझं म्हणणं थोडक्यात असं : या बायकांचं नवल करणं हा त्यांचा सन्मान नाही. त्यांना विसरण्याचा तो एक सभ्य मार्ग आहे. दर पिढी नव्याने थक्क होते, हात जोडते आणि पुढच्या ढकलपत्राकडे वळते. एखादी गोष्ट शंभरदा घडूनही दर वेळी 'अजब' वाटत असेल, तर आपण ती ऐकून लगेच विसरतोय, एवढाच त्याचा अर्थ.

आधी ते प्रियकराचं प्रकरण निकालात काढू.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. न्यूयॉर्क राज्यात ॲफ्टन नावाच्या गावाजवळ वेकमन नावाचं शेतकरी कुटुंब राहायचं. नऊ भावंडं, थोरली सारा रोझेटा. बापाच्या डोक्यावर कर्ज. १८६२ साली एकोणीस वर्षांची रोझेटा पुरुषाचे कपडे घालून घराबाहेर पडली. आधी कालव्यावर कोळशाच्या नावेवर काम केलं आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला 'लायन्स वेकमन' या नावाने न्यूयॉर्कच्या १५३व्या पायदळ पलटणीत भरती झाली. भरतीचे एकरकमी १५२ डॉलर मिळाले. साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर. मोलकरणीचं काम करणाऱ्या मुलीला याच्या जवळपासही काही मिळत नसे. तिने घरी लिहिलेली पत्रं वाचा. पैसे पाठवतेय, शेताचं कसं चाललंय, युद्ध संपल्यावर स्वतःचं शेत घ्यायचंय... विरह वगैरे काही नाही. आपल्याकडच्या एखाद्या थोरल्या मुलाने मुंबईहून घरी मनिऑर्डरीबरोबर लिहावीत तशी पत्रं.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची, आणि ढकलपत्रात ती अर्थातच नव्हती. १८०९ साली ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. तिथून लिहिलेल्या त्याच्या पत्रांचं पुस्तक पुढे १८१३ मध्ये निघालं. त्यात एका मुलीची हकिगत आहे. जोरावरसिंग या नावाने ती शिंद्यांच्या फौजेत शिपाईगिरी करत होती. का? तर तिचा भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत होता, आणि त्याला सोडवायचं तर पैसे हवे होते.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. एक न्यूयॉर्क राज्यातली, एक मध्य हिंदुस्थानातली. मध्ये पन्नासेक वर्षं आणि दोन महासागर. दोघींच्या घरावर कर्ज. दोघींना ठाऊक की बाईच्या कमाईने ते फिटणार नाही. दोघींनी एकच उपाय काढला, जिथे रोख पगार मिळतो तिथे जायचं आणि ज्याला तो मिळतो त्याच्या नावाने जायचं.

काही जणी नवऱ्याबरोबर, भावाबरोबर, बापाबरोबर गेल्या, हे खरंच आहे. काही जणींना देशाची तळमळ होती, काहींना नुसतंच घरातून सुटायचं होतं. पण पुरुष सैन्यात गेला की आपण कारणं विचारत नाही. पगार, पोट, भाकरी हे आपण गृहीत धरतो आणि वर शौर्याचं श्रेयही देतो. बाई गेली की मात्र तिच्या मागे एक प्रियकर उभा करावा लागतो. त्याशिवाय ती गोष्ट आपल्याला पचतच नाही.

बरं, हे जमलं कसं, याचंही फार कौतुक चालतं. त्यात जादू काही नव्हती. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी बऱ्याचदा नावापुरती असायची. हातपाय धड आहेत ना, बंदुकीचं काडतूस दातांनी फाडायला पुढचे दात आहेत ना, झालं. ओळखपत्र नावाचा प्रकार नव्हता. मिसरूड न फुटलेली पोरं वय वाढवून भरती होतच होती, त्यामुळे गुळगुळीत गाल आणि बारीक आवाज यांत विशेष काही नव्हतं. गणवेश ढगळ. सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी झोपायचे, आंघोळ क्वचित. आणि मुख्य म्हणजे त्या काळात विजार घातली, केस कापले, म्हणजे पुरुष! लोकांच्या डोळ्यांना दुसरं काही दिसायचंच नाही. बायकांनी लोकांना फसवलं म्हणण्यापेक्षा लोकांनी कपड्यांपलीकडे पाहिलंच नाही, असं म्हणा.

आता मुख्य मुद्दा, नवलाचा.

१९०९ साली आयडा टार्बेल या नामवंत पत्रकर्तीने अमेरिकेच्या युद्धखात्याला रीतसर विचारलं, यादवी युद्धात किती स्त्रिया शिपाई म्हणून लढल्या? खात्याचं उत्तर आलं की कोणतीही स्त्री सैन्यात भरती झाल्याची अधिकृत नोंद आढळत नाही. थोड्याशा काळापुरती काही उदाहरणं घडली असतीलही, पण कागदोपत्री काही नाही.

हे उत्तर खोटं होतं. आणि ते खोटं होतं हे त्यांच्याच कपाटात लिहिलेलं होतं. सारा एमा एडमंड्स ही बाई 'फ्रँक थॉम्प्सन' या नावाने १८६१ साली मिशिगनच्या दुसऱ्या पायदळ पलटणीत दाखल झाली होती. १८८४ साली अमेरिकेच्या संसदेने खास कायदा करून तिला महिना १२ डॉलर पेन्शन दिलं होतं. म्हणजे कायदा आहे, पेन्शन आहे, फाइल आहे, तिच्या पलटणीतल्या सोबत्यांच्या साक्षी आहेत. पंचवीस वर्षांनी खातं म्हणतं, नोंद नाही!

या एडमंड्सबाईंचीच आणखी एक गोष्ट. १८६३ मध्ये त्यांना मलेरिया झाला. लष्करी इस्पितळात गेलं तर बिंग फुटणार. म्हणून त्या छावणी सोडून निघून गेल्या आणि दप्तरात 'फ्रँक थॉम्प्सन, पळपुटा' अशी नोंद झाली. दोन वर्षं नोकरी केलेला शिपाई तापाने फणफणला तर त्याला औषधही घेता येऊ नये, अशी व्यवस्था करणारे वेगळे, आणि पळपुटेपणाचा शिक्का तिच्या कपाळी. तो पुसायला १८८६ साल उजाडलं. तोही तिनेच खटपट केली म्हणून.

"पण अशा होत्या किती? अपवादच ना?" हा प्रश्न येणार, ठाऊक आहे. डीॲन ब्लँटन आणि लॉरेन कुक या दोन संशोधिकांनी कागदपत्रं धुंडाळून अशा सुमारे अडीचशे जणींची माहिती २००२ साली पुस्तकरूपाने मांडली. लाखो सैनिकांत अडीचशे म्हणजे थोड्याच, कबूल. पण जरा विचार करा. आपल्याला कळल्या त्या कोणत्या? ज्या पकडल्या गेल्या, जखमी झाल्या, मेल्यावर उघड झाल्या, बाळंत झाल्या किंवा ज्यांनी नंतर स्वतः सांगितलं त्या. जिचं सोंग शेवटपर्यंत उत्तम वठलं, तिची मोजदाद कोण करणार? इथे यशस्वी होणं म्हणजेच यादीत नसणं. तेव्हा अडीचशे हा आकडा कमीत कमी आहे, जास्तीत जास्त किती ते कधीच कळणार नाही.

रोझेटा वेकमनही या यादीतून सहज निसटली असती. १९ जून १८६४ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या लष्करी इस्पितळात ती हगवणीने गेली. बाईचा उल्लेख कुठल्याही कागदावर नाही. चाल्मेटच्या लष्करी दफनभूमीत तिच्या दगडावर 'लायन्स वेकमन' हेच नाव आहे. घरच्यांनी तिची पत्रं टाकून दिली नाहीत. माळ्यावर ठेवली. शंभराहून अधिक वर्षं ती तिथेच होती आणि १९९४ साली छापून आली. त्यातल्या एका पत्रात ती लिहिते की वॉशिंग्टनच्या ज्या तुरुंगावर आमचा पहारा आहे तिथे एक बाई कैदेत आहे. ती सैन्यात मेजर होती, घोड्यावरून आपल्या माणसांना हुकूम देत लढली, आणि आता युद्धाचे नियम मोडले म्हणून आत आहे. हे लिहिणारी शिपाई बंदूक घेऊन दाराबाहेर उभी! तिच्या मनात त्या वेळी काय आलं असेल, याचा विचार करून मला एकदा झोप लागली नव्हती.

आणि ही पत्रं संपादित कोणी केली? वर उल्लेख केलेल्या लॉरेन कुक यांनीच. १९८९ साली अँटिटमच्या रणभूमीवर जुन्या युद्धाचं प्रात्यक्षिक चाललं होतं. हौशी लोक जुने गणवेश घालून शिपाई होतात, तसा हा कार्यक्रम. लॉरेनबाईही पुरुष शिपायाच्या वेषात सामील झाल्या होत्या. त्या बायकांच्या स्वच्छतागृहातून बाहेर पडताना कुणीतरी पाहिलं आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं. कारण काय, तर म्हणे ऐतिहासिक अचूकता! ज्या मैदानावर १८६२ मध्ये बायका खरोखरच शिपाई म्हणून लढल्या होत्या, तिथे. त्या कोर्टात गेल्या आणि १९९३ साली जिंकल्या. नवल करत बसण्याचा परिणाम हा असा होतो. तुमच्या डोक्यात 'अजब अपवाद' पक्का बसला की खरा इतिहासच तुम्हाला चुकीचा वाटायला लागतो.

आता जरा अवघड भाग. तो टाळला तर मीही ढकलपत्रच लिहितेय असं होईल.

अल्बर्ट कॅशिअर. जन्म आयर्लंडमधला, जन्माचं नाव जेनी हॉजर्स. १८६२ साली इलिनॉयच्या ९५व्या पलटणीत भरती, विक्सबर्गच्या वेढ्यासकट पूर्ण तीन वर्षं चाकरी, १८६५ मध्ये पलटणीबरोबर मानाने निवृत्ती. पण युद्ध संपल्यावर अल्बर्टने विजार उतरवली नाही. सॉनमिन नावाच्या लहानशा गावात पडेल ते काम करत, निवडणुकीत मतदान करत, शिपायाचं पेन्शन घेत तो चाळीसेक वर्षं पुरुष म्हणूनच जगला. १९११ मध्ये मोटारीच्या अपघातात पाय मोडला तेव्हा डॉक्टरांना कळलं. त्यांनी ते स्वतःपाशी ठेवलं. त्याची रवानगी निवृत्त सैनिकांच्या आश्रमात झाली. पुढे मन भ्रमिष्ट झालं, १९१४ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात हलवलं, आणि तिथे त्या सत्तरीच्या माणसाला जबरदस्तीने स्कर्ट नेसवण्यात आला.

त्याच सुमारास पेन्शन खात्याने चौकशी लावली. हा खरा कॅशिअर की तोतया? तेव्हा त्याच्या पलटणीतले म्हातारे साथीदार पुढे आले. त्यांनी साक्ष दिली की आमच्याबरोबर लढला तो हाच. पेन्शन चालू राहिलं. १९१५ मध्ये अल्बर्ट गेला तेव्हा त्याला लष्करी गणवेशात, लष्करी इतमामाने पुरलं. दगडावर नाव अल्बर्ट कॅशिअर आणि पलटणीचा क्रमांक.

अल्बर्टला 'ती' म्हणायचं की 'तो'? मी 'तो' म्हणतेय, कारण पन्नासहून अधिक वर्षं त्याने स्वतःबद्दल तेच सांगितलं. आमच्या ढकलपत्रात तोही 'वीरांगना' म्हणून आला होता, केसांत फुलं माळलेल्या कुठल्याशा भलत्याच बाईच्या चित्राखाली. चांगल्या हेतूने का होईना, आपण त्याला पुन्हा एकदा स्कर्टच नेसवला की! एखाद्याने आयुष्यभर जे सांगितलं त्यापेक्षा आपल्याला सलाम ठोकायला जे सोयीचं ते खरं मानायचं, हाही विसरण्याचाच एक प्रकार.

त्या म्हाताऱ्या साथीदारांचा प्रसंग मला दुसऱ्याही एका कारणाने आठवतो. २०२० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात महिला अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी कमिशनचा खटला चालला होता. तेव्हा सरकारतर्फे एक युक्तिवाद असा झाला की जवान प्रामुख्याने ग्रामीण भागातले असतात, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही. न्यायालयाने तो फेटाळला, ते ठीकच. मग २०२२ साली पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी आली आणि २०२५ च्या मे महिन्यात सतरा मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. पण मला तो युक्तिवादच विसरता येत नाही. इलिनॉयच्या पलटणीतले ते जवान कुठले होते? खेड्यातलेच, शेतकऱ्यांचीच पोरं, तीही एकोणिसाव्या शतकातली. खंदकात शेजारी कोण उभं होतं एवढंच त्यांनी पाहिलं होतं. तयारी नसते ती कचेरीत बसणाऱ्यांची, आणि नाव मात्र खेड्यातल्या माणसाचं पुढे करायचं.

असो. आता घरचं.

हे वाचून काही नातेवाइकांना राग येणार आहे. येऊ दे.

आमचे थोरले काका धान्यबाजारात एका आडत दुकानावर दिवाणजी होते. साठच्या दशकातली गोष्ट. त्यांना छातीचा आजार झाला. घरात कमावतं माणूस ते एकटेच, आणि आजोबांवर सावकाराचं देणं. तेव्हा घरी निरोप तयार झाला की प्रकृती नाजूक आहे, वह्या घरी पाठवा, घरून काम करीन. दुकानचा पोऱ्या संध्याकाळी वह्या आणून टाकायचा, सकाळी घेऊन जायचा. आणि रात्री कंदिलाशी बसून रोजकीर्द आणि खतावणी लिहायची ती आमची आत्या. वय वर्षं एकोणीस, मॅट्रिकला गणितात पहिली. तिने आधी पंधरा दिवस काकांचं अक्षर गिरवलं, मग दोन वर्षं त्या अक्षरात लिहिलं. पगार काकांच्या नावाने आला. त्यातून औषधपाणी झालं, सावकाराचं देणं फिटलं.

काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला भाषणं झाली. तीन जणांनी त्यांच्या मोत्यासारख्या अक्षराचा उल्लेख केला. ट्रंकेत राहिलेली एक जुनी कच्ची वही सगळ्यांना दाखवली. ती वही कोणत्या वर्षातली, हे मी तारखेवरून पाहिलं. काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. आत्या त्या वेळी पंगतीत श्रीखंड वाढत होती.

मी नंतर तिला म्हटलं, "आत्या, तू बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "अगं, नाव त्याचं होतं म्हणून तर पैसे मिळाले. माझं असतं तर कोणी दिले असते?"

काका वाईट नव्हते. आजारी माणसाचा काय दोष? पण बरे झाल्यावर पन्नास वर्षं त्यांनी ती स्तुती ऐकून घेतली आणि आपण सगळ्यांनी ती केली. आमच्या छापील कुळवृत्तांतात काकांच्या नावापुढे लिहिलंय, 'उत्तम हिशेबनीस म्हणून लौकिक.' आत्याच्या नावापुढे सासरचं नाव आणि दोन मुलगे. एवढंच.

आता कुळवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. त्या समितीतले दोघे जण हा ब्लॉग वाचतात, हे मला माहीत आहे. मी त्यांना मागच्या महिन्यात पत्र पाठवलं की आत्याच्या नावापुढे ही दोन वर्षं घाला. उत्तर आलं, "याची काही नोंद उपलब्ध नाही." अगदी युद्धखात्याचीच भाषा!

दादा, वहिनी, समितीचे सन्माननीय सभासद : परदेशातल्या बायकांना सलाम ठोकायला काही खर्च येत नाही. त्या काही आपल्या पंगतीत वाढायला नसतात. आत्या ऐंशीची आहे, कान मंद झालेत, पण वाचता उत्तम येतं. ते पान ती हयात असताना छापा. आणि नोंद नाही असं कृपा करून म्हणू नका. नोंद ट्रंकेत आहे, दोन वर्षांची, रोजच्या रोज, शाईने लिहिलेली. तिचं अक्षर चांगलं आहे असं तुम्हीच सगळे म्हणाला होतात.

ता. क. : ते ढकलपत्र मी पुढे ढकललेलं नाही. हे मात्र खुशाल ढकला.